बिघडलेल्या लोखंडाचा हिशोब

कारखान्याच्या ट्रेनिंग सेंटरमधे पहिल्या दिवशी माझ्या हातात आला तो एक ठोकळा. माइल्ड स्टीलचा, पॉवर हॅकसॉवर कापलेला, कडांना बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत धार, तशीच. सोबत बारा इंची रफ कानस, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि काम पकडून ठेवायचा बेंचवरचा वाईस, ज्याचं हँडल माझ्या आधीच्या कितीतरी पोरांनी आवळून आवळून गुळगुळीत केलं होतं. सांगितलं एवढंच, की याची एक बाजू सपाट कर, मग तिला काटकोनात दुसरी. ऐकायला सोपं वाटतं, पण कानस मारताना हात नकळत झोक्यासारखा वरखाली होतो, पुढे गेला की पुढची कड खाल्ली जाते, मागे आला की मागची, आणि मधे पोट राहतं. आमचे सर यायचे, ठोकळा वाईसमधून काढायचे, खिडकीकडे धरून त्यावर गुण्या टेकवायचे आणि म्हणायचे, उजेड बघ. गुण्या आणि लोखंडाच्या मधून टोकांना उजेडाची बारीक रेघ दिसायची. ती रेघ जाईपर्यंत घासायचं. पंधरा दिवस मी तेवढंच केलं, तळहाताला फोड आले, फुटले, तिथली कातडी जाड झाली, आणि एक दिवस गुण्या टेकवला तर उजेड दिसलाच नाही.

पुढे महिन्याभरात मेल-फिमेल जॉब आला. म्हणजे एका पट्टीत खाच कापायची आणि दुसऱ्या पट्टीचं टोक असं घासायचं की ते त्या खाचेत ना ढिलं ना घट्ट, अंगठ्याच्या दाबानं सरकत बसलं पाहिजे. मार्किंग केलं, सेंटर पंच मारले, हॅकसॉ लावला, आणि घाई झाली म्हणा किंवा हात थकला म्हणा, ब्लेड रेघेच्या पलीकडे गेलं. एक मिलिमीटरच, पण कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही. मी तो जॉब घेऊन सरांपुढे उभा राहिलो. त्यांनी माप घ्यायचा व्हर्नियर लावला, रीडिंग बघितलं, जॉब कोपऱ्यातल्या स्क्रॅपच्या पेटीत टाकला आणि रॅकवरून दुसरा कोरा तुकडा काढून माझ्या हातात दिला. परत कर, म्हणाले. आवाज चढला नाही की कपाळाला आठी नाही.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. खूप वर्षांनी मी स्वतः इन्स्ट्रक्टर म्हणून तिथेच उभा राहिलो आणि स्टोअरच्या मटेरियल स्लिपवर सह्या करायला लागलो तेव्हा कळलं, की तो दुसरा तुकडा कुणाच्या तरी खात्यावर लिहिला जातो. दर तीन महिन्यांनी वरून विचारणा व्हायची, तुमच्याकडे इतकं मटेरियल जातं कुठे? जातं कुठे म्हणजे काय, पोरांच्या हातात जातं. पण हे कागदावर कसं मांडायचं ते मला कधी नीट जमलं नाही. त्यातूनच हा इतिहास वाचायची सवय लागली. कारखान्यांनी शाळा का काढल्या, कशा चालवल्या, का बंद केल्या, हे वाचत गेलो आणि प्रत्येक वेळी फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी यायला व्हायचं: शिकणारा जे लोखंड बिघडवतो त्याचा खर्च कुणी सोसायचा?

कारखाने येण्याआधी याचं एक जुनं उत्तर होतं. इंग्लंडमधे १५६३ च्या कायद्यानं ठरवून दिलं होतं की धंदा शिकायचा तर किमान सात वर्षं उस्तादाकडे काढायची. करार लिहायचे तो एकाच कातड्यावर किंवा कागदावर दोनदा, आणि मधून नागमोडी कापून एक भाग उस्तादाकडे, एक मुलाच्या घरच्यांकडे. पुढे तंटा झाला तर दोन्ही कडा जुळवून बघायच्या, जुळल्या म्हणजे करार खरा. मुलानं लग्न करायचं नाही, फासे खेळायचे नाहीत, गुत्त्यात जायचं नाही, उस्तादाची गुपितं बाहेर फोडायची नाहीत, आणि उस्तादानं खायला, ल्यायला, राहायला द्यायचं आणि हुन्नर शिकवायचा. सातच वर्षं का, यावर मी बराच विचार केला आहे. पहिली दोनतीन वर्षं पोरगं नुसतं बिघडवतं, पुढची चार वर्षं त्याचा हात बसलेला असतो पण पगार कारागिराचा नसतो, त्या चार वर्षांत उस्ताद आधीचं सगळं नुकसान भरून काढतो. म्हणजे बिघडलेल्या मालाचे पैसे शेवटी ते पोरगंच फेडायचं, आपल्या उमेदीच्या वर्षांनी.

यंत्रं आली आणि ही घडी विस्कटली. सूतगिरण्यांना हात हवे होते, छोटे आणि स्वस्त, तेव्हा अनाथालयांतून पोरं आणली गेली आणि त्यांनाही नाव अप्रेंटिसच दिलं. शिकवायचं काही नव्हतंच. तुटलेला धागा जोडायचा आणि यंत्राखाली सरपटत जाऊन कापूस झाडायचा, याला हुन्नर म्हणायचं तर मग कशालाही म्हणता येईल. १८०२ साली कायदा झाला की या मुलांना दिवसाला १२ तासांहून जास्त राबवू नये, रात्रपाळी बंद करावी, आणि पहिली चार वर्षं लिहायवाचायला आणि हिशोब करायला शिकवावं. १२ तास ही सूट होती हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. आपण अभिमानानं लावतो त्या अप्रेंटिस शब्दाखाली ही पोरंही आहेत, ती विसरू नयेत असं मला वाटतं. १८१४ मधे सात वर्षांची सक्तीही कायद्यातून गेली.

मग साधारण साठ वर्षांनी कारखानदारांच्या लक्षात यायला लागलं की कुशल माणूस बाजारात आयता मिळत नाही. न्यूयॉर्कची हो अँड कंपनी छपाईची यंत्रं बनवायची, तिचे रोटरी प्रेस इतके गुंतागुंतीचे व्हायला लागले की नेहमीच्या मशिनिस्टला ड्रॉइंग वाचता येईना, म्हणून १८७२ च्या सुमारास त्यांनी कारखान्यातच शाळा उघडली. अमेरिकेतली पहिली कारखाना-शाळा म्हणून तिचंच नाव घेतात. आपल्याकडे जमालपूरला १८६२ मधे ईस्ट इंडियन रेल्वेचं वर्कशॉप उभं राहिलं, आणि तिथे तर बाहेरून माणूस आणायचा प्रश्नच अवघड, तेव्हा इंजिनाचे भाग जसे तिथेच ओतायचे तशी माणसंही तिथेच घडवायची असं होत गेलं. १८८८ मधे वर्कशॉपला जोडून टेक्निकल स्कूल निघालं, आणि १९२७ पासून स्पेशल क्लास अप्रेंटिस तिथे यायला लागले, ज्यांच्यातून पुढे रेल्वेचे मोठेमोठे मेकॅनिकल अधिकारी झाले. अधिकारी होणाऱ्या पोरानं आधी वर्कशॉपमधे उभं राहून काम शिकायचं, ही पद्धत मला फार आवडते.

आता माझ्या ठोकळ्याकडे येतो. एखाद्या कामाचा नाही, कुठल्या मशीनला लागत नाही, घासून झाला की नंबर ठोकून कपाटात ठेवायचा, असा ठोकळा घासायची कल्पना निघाली कुठून? मला वाटायचं जर्मनीतून असेल. निघाली मॉस्कोतून. तिथल्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलचे प्रमुख होते व्हिक्टर डेला-व्हॉस, त्यांनी १८६८ मधे एक मोठी गोष्ट केली, शिकायचं वर्कशॉप आणि उत्पादनाचं वर्कशॉप वेगळं केलं. तोवर सगळीकडे पोरगं कारागिराच्या शेजारी उभं राहायचं आणि जे काम त्या दिवशी आलं असेल ते बघायचं, आज गिअर आला तर गिअर, उद्या पाइप आला तर पाइप, सोपं आधी की अवघड आधी हे ऑर्डरवर ठरायचं. डेला-व्हॉस यांनी कामाचे तुकडे पाडले. फायलिंग वेगळं, फोर्जिंग वेगळं, सुतारकाम वेगळं, टर्निंग वेगळं. प्रत्येकाला आपापलं बेंच, आपापला टूलचा सेट, आणि समोर नमुने, सोप्यापासून अवघडापर्यंत ओळीनं लावलेले. आधीचा जमल्याशिवाय पुढचा नाही. १८७६ ला फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात हे नमुने मांडले होते, ते एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी बघितले आणि परत जाऊन आपल्या संस्थेत तशीच वर्कशॉप सुरू केली. जगभर जिथे जिथे पोरगं वाईसपुढे उभं राहून बिनकामाचा ठोकळा घासतं तिथे त्या नमुन्यांची सावली आहे.

याचा खरा अर्थ मला हिशोबाच्या बाजूनं कळला. ठोकळा विकायचा नाही म्हटल्यावर तो बिघडला तरी कुणाची ऑर्डर अडत नाही, कुणी अंगावर ओरडत नाही. बिघडवायला परवानगी आहे, नव्हे, त्यासाठीच तो दिला आहे. पण पैसे? शाळेत सरकार देतं. कारखान्यात मालकानं द्यायचे, आणि मालक विचारणार की यातून मला काय.

हेन्री फोर्ड यांनी या प्रश्नाचं जे उत्तर काढलं ते मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. १९१३ मधे त्यांच्या हायलंड पार्कच्या मोटार कारखान्यात चालती असेंब्ली लाइन सुरू झाली. कारागिराचं काम इतकं बारीक चिरलं की एकानं नट लावायचा, दुसऱ्यानं आवळायचा. त्यांनी १९२२ च्या आपल्या आत्मकथनात आकडेच दिले आहेत: कारखान्यातली ४३ टक्के कामं शिकायला एका दिवसाहून जास्त लागत नाही, ३६ टक्के कामांना एक दिवस ते एक आठवडा, ६ टक्क्यांना एक ते दोन आठवडे, १४ टक्क्यांना महिना ते वर्ष, आणि उरलेल्या १ टक्क्याला एक ते सहा वर्षं. तो १ टक्का म्हणजे टूलमेकर आणि डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवणारे. मी टूलरूमचा माणूस, त्यामुळे हा आकडा वाचताना माझं लक्ष त्या एकावरच खिळलं. बाकी नव्व्याण्णव जणांना पटकन शिकता यावं म्हणून काम जागच्या जागी पकडणारी जिग आणि फिक्स्चर, डाय, माप तपासायची गेज जी लागतात ते सगळं तो एक जण बनवतो. लाइनवरच्या माणसाचं कौशल्य कुठे गायब झालं नव्हतं, ते उचलून टूलरूममधे नेऊन लोखंडात बसवलं होतं. आणि तो एक जण एका दिवसात तयार होत नाही.

म्हणून ज्या माणसानं एका दिवसाचं ट्रेनिंग जगाला दाखवलं त्यानंच १९१६ मधे फोर्ड ट्रेड स्कूल काढलं. सुरुवात सहा मुलांपासून. वय बारा ते अठरा, अनाथ आणि विधवांच्या मुलांना आधी घ्यायचं. एक आठवडा वर्गात, दोन आठवडे शॉपमधे. फी नाही, उलट वर्षाला ४०० डॉलरपासून स्कॉलरशिप, चांगलं काम असेल तर ६०० पर्यंत, शिवाय महिन्याला दोन डॉलर बचतीचे, जे शाळेतलं शिक्षण संपेपर्यंत बँकेतून काढता यायचे नाहीत. आणि डेला-व्हॉसच्या बरोबर उलट, बिनकामाचा ठोकळा नाहीच. पोरांनी जे बनवायचं ते कारखान्याला खरंच लागणारं, टूल आणि गेज वगैरे, त्यांनी बनवलेला माल कंपनी विकत घ्यायची, आणि इन्स्पेक्शनमधे नापास झाला तर ते नुकसान शाळेच्या नावावर पडायचं.

बघा, शाळेच्या नावावर. मुलाच्या नाही, कंपनीच्याही नाही. हे वाक्य वाचलं आणि मला आमच्या मटेरियल स्लिपा आठवल्या. एका बाजूनं बघितलं तर यात मोठा मान आहे, चौदा वर्षांच्या पोरानं केलेला गेज उद्या कुणीतरी खरोखर वापरणार, म्हणजे त्यानं तो तसाच काटेकोर केला पाहिजे, आणि पोरांना हे कळतं, आमच्याकडेही शेवटच्या सहा महिन्यांत टूलरूमचं खरं काम आलं की चालढकल करणारी पोरंसुद्धा सरळ व्हायची. दुसऱ्या बाजूनं विचार करा की नुकसान शाळेच्या खात्यावर पडतं म्हटल्यावर इन्स्ट्रक्टर काय करेल. अवघड काम कच्च्या पोराला देईल? की जो आधीच तयार आहे त्यालाच देईल? मी स्वतः ही चूक केली आहे. एका वर्षी मटेरियल कापलं गेलं तेव्हा मी डायचं काम सगळं दोनच हुशार मुलांना दिलं आणि बाकीची चौदा जण ड्रिलिंगवर ठेवली. आकडे छान आले. त्या चौदातल्या एकानं ट्रेनिंग संपताना मला विचारलं, सर, मला डाय फिटिंग कधी मिळणार होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फोर्डची ती शाळा १९५२ मधे बंद झाली, तोवर सुमारे ८००० मुलं तिथून शिकून गेली होती. शिकल्यावर कंपनीतच राहायचं असं बंधन त्यांच्यावर नव्हतं.

बंधनाची गोष्ट निघाली की झ्लिन आठवतं, चेकोस्लोव्हाकियातलं बाटाचं गाव. तोमाश बाटा यांनी १९२५ मधे कामाची शाळा काढली, चौदा वर्षांची मुलं घ्यायची, दिवसा आठ तास बुटांच्या कारखान्यात काम, संध्याकाळी वर्ग, राहायला कंपनीचं होस्टेल. घरून पैसे आणायचे नाहीत, आठवड्याच्या कमाईत स्वतःचं भागवायचं, वहीत जमाखर्च लिहायचा, त्यातून शिल्लकही टाकायची. सोळा वर्षांचं पोरगं कातडं कापायला शिकतं आणि आपल्या पैशांचा ताळेबंद मांडायलाही शिकतं, ही गोष्ट मोठीच आहे. पण झोपायचं कधी, उठायचं कधी, खोली कशी ठेवायची, मोकळ्या वेळात काय करायचं, सगळं कंपनी ठरवणार. १९४१ मधे गावातली शर्यत होती, कारखान्याच्या क्रीडा प्रशिक्षकानं चार मुलांकडे बोट दाखवून सांगितलं की तुम्ही पळायचं. त्यातल्या एकानं खूप सांगून बघितलं की माझ्या अंगात जोर नाही, डॉक्टरनं तपासून फिट ठरवलं, मग पळावंच लागलं आणि शंभरेक जणांत दुसरा आला. तो एमिल झाटोपेक. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधे त्यानं पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णं एकाच वेळी मिळवली. लोक ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगतात. मला मात्र ती वाचताना बोट दाखवून निवडलेली बाकीची तीन मुलं आठवत राहतात, ज्यांना पळायचं नव्हतं आणि ज्यांचं पुढे काही झालं नाही.

बाकी ठिकाणांचं थोडक्यात सांगतो. सीमेन्सनं बर्लिनमधे १८९१ पासून शिकाऊ मुलांना वेगळ्या वर्कशॉपमधे घ्यायला सुरुवात केली होती. जपानमधे हिताची सुरू झाली १९१० मधे आणि त्याच वर्षी तिची शिकाऊ कामगारांची शाळाही सुरू झाली. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यानं १९२१ मधे टेक्निकल इन्स्टिट्यूट उघडलं, कारण भट्ट्यांवरची आणि रोलिंग मिलमधली जाणकार माणसं परदेशातून करारावर आणावी लागत होती आणि ती जागा कधीतरी इथल्या माणसानं घ्यायलाच हवी होती. भट्टीचा रंग बघून पोलाद तयार झालं की नाही हे सांगणं पुस्तकातून येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं, आणि शेजारी उभं राहू देणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धात मात्र सात वर्षं सोडा, सात आठवडेही कुणाकडे नव्हते. अमेरिकेत १९४० मधे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचं सरकारी काम सुरू झालं, त्याला टीडब्ल्यूआय म्हणतात. पुरुष सैन्यात गेले, कारखान्यांत नवी माणसं आली, त्यात बायका मोठ्या संख्येनं, ज्यांनी आयुष्यात लेथ बघितलं नव्हतं. यांना शिकवायचं कुणी? शाळेतले मास्तर पुरेनात, तेव्हा सुपरवायझरनाच शिकवायला शिकवायचं ठरलं, पाच बैठका, दोन दोन तासांच्या. पहिल्या बैठकीत एक प्रयोग असायचा, इलेक्ट्रिशियन वायरला मारतात त्या गाठीचा. ट्रेनर एकाला पुढे बोलावून ती गाठ कशी मारायची हे नुसतं तोंडानं सांगायचा. वायर हातात घेतल्यावर त्याला काहीच जमायचं नाही. मग दुसऱ्याला बोलावून एक शब्द न बोलता गाठ मारून दाखवायची, त्यालाही जमायचं नाही. मग तिसऱ्याला शेजारी बसवायचं, समोर नाही, म्हणजे उलटं दिसू नये, आधी गाठ कशासाठी ते सांगायचं, हळूहळू एकेक पायरी करायची, प्रत्येक पायरीतली नेमकी मेख कुठली ते सांगायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, परत करताना त्याच्याच तोंडून मेख वदवून घ्यायची. आणि त्याला जमायचं. त्यांचं एक वाक्य होतं, की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. युद्ध संपेपर्यंत १६ हजारांहून जास्त कारखान्यांत साडेसतरा लाखांवर माणसांनी हे कोर्स केले, आणि नंतर ते जपानला गेले आणि टोयोटासारख्या कंपन्यांत मुरले.

हे वाचलं त्या आठवड्यात मी माझी शिकवायची पद्धत बदलली. आधी मी पोरांच्या समोर उभा राहून ड्रिल कसं ग्राइंड करायचं ते दाखवायचो, म्हणजे त्यांना माझे हात उलटे दिसायचे आणि मलाच कळायचं नाही की दहातल्या सात जणांचे लिप अँगल, म्हणजे ड्रिलच्या धारेचे कोन, चुकतात कसे. मग मी व्हीलपाशी त्यांना माझ्या खांद्यामागून बघायला लावलं, आणि मेख सांगितली, की ड्रिल फिरवताना मनगट वळवू नका, शेपटाकडची बाजू खाली न्या. इतकी वर्षं माझ्या हाताला हे माहीत होतं, पण मी ते कधी शब्दांत काढलंच नव्हतं. त्या बॅचला ड्रिल फार कमी बिघडले.

आता सगळ्यात जुनी तक्रार. शिकवायचं आम्ही आणि तयार माणूस शेजारच्या कंपनीनं दोन पैसे जास्त देऊन न्यायचा, हे वाक्य मी मॅनेजमेंटच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हे नीट मांडलं, की जे कौशल्य सगळीकडे चालतं त्याचा खर्च मालक स्वतः करणार नाही, तो शिकणाऱ्याच्या कमी पगारातून वसूल होईल, आणि जे फक्त त्याच कारखान्यात चालतं त्याचाच खर्च तो उचलेल. म्हणजे परत सात वर्षांच्या उस्तादाचाच हिशोब. ब्रिटननं १९६४ च्या कायद्यानं यावर तोडगा काढला, एकेका धंद्यासाठी मंडळ नेमायचं, त्यानं त्या धंद्यातल्या सगळ्या कंपन्यांकडून वर्गणी गोळा करायची आणि जो शिकवेल त्याला त्यातून पैसे द्यायचे, म्हणजे न शिकवता माणूस उचलणाराही खर्चाला हातभार लावेल. पुढे त्यातली बरीच मंडळं मोडीत काढली. आपल्याकडे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं कारखान्यांनी किती जणांना घ्यायचं ते बांधून दिलं. जर्मनीनं १९६९ च्या कायद्यात जे पक्कं केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: शिकवतो कारखाना, आठवड्यात एकदोन दिवस सरकारी शाळा, पण शेवटची परीक्षा मालक घेत नाही, उद्योगांचं चेंबर घेतं, त्यात मालकांचे प्रतिनिधी असतात, कामगारांचेही असतात आणि शाळेचे मास्तरही असतात. त्यामुळे सर्टिफिकेट सगळीकडे चालतं आणि कंपनीला फक्त आपल्या मशीनपुरतं शिकवून मोकळं होता येत नाही.

मी स्वतः या बाबतीत ठाम आहे. पोरगं निघून गेलं तर नुकसान झालं असं मला कधीच वाटलेलं नाही. माझे किती विद्यार्थी दुसरीकडे गेले, त्यातल्या एकानं स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं आणि आता तो चार पोरांना शिकवतो, गुण्या टेकवून उजेड बघायला लावतो असं त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला पुढे बोलता येईना. मला राग येतो तो एका वेगळ्याच गोष्टीचा. शिकाऊ म्हणून पोरं घ्यायची, स्टायपेंडवर ठेवायची आणि पहिल्याच आठवड्यात लाइनवर उभी करायची, वर्षभर एकच बोल्ट आवळायला लावायचा आणि वर्ष संपलं की नवी बॅच. स्क्रॅपच्या पेटीची गरजच नाही, कारण त्यांना बिघडवण्याइतकं काही दिलंच जात नाही. गिरणीतल्या त्या अनाथ पोरांचंही नाव अप्रेंटिसच होतं.

आमचं ट्रेनिंग सेंटर बंद झालं. कारण कागदावर सरळ होतं, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आले, हातानं फिटिंग करायची गरज कमी झाली, जागा हवी होती. माझं म्हणणं मी लेखी दिलं होतं, की सीएनसीवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही मटेरियल टूलखाली कसं वागतं हे हातानं कळलेलं असावं लागतं, नाहीतर फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, चुकला की तो स्क्रीनकडे बघत राहतो आणि आवाज ऐकत नाही. त्याचं पुढे काही झालं नाही. वाईस उपटून मेंटेनन्सला गेले, कानशी आणि गुण्ये कपाटासकट टूलरूममधे, बेंचांचं लाकूड कुणीतरी नेलं.

शेवटी उरली कोपऱ्यातली पेटी. ती वजन करून भंगारात जाणार होती, काटा यायला वेळ होता, म्हणून मी तिच्यापाशी बसलो आणि वरवरचे तुकडे बाजूला काढायला लागलो. प्रत्येकावर नंबर ठोकलेला, कारण आमच्याकडे जॉब हातात घेतला की पहिलं काम नंबर पंच मारायचं. रेघेच्या बाहेर गेलेले कट, एका बाजूनं ढळलेली भोकं, पोट राहिलेल्या पट्ट्या, आटे पाडायचा टॅप आत तुटून अडकलेला एक ठोकळा ज्यात तो काढायच्या खटपटीचे ओरखडेही तसेच. माझा स्वतःचा जॉब सापडणं शक्य नव्हतं, पेटी त्यानंतर कितीतरी वेळा रिकामी झाली असणार, तरी मी हात घालत राहिलो. तळाशी एक फिमेल पट्टी मिळाली, खाच बरोबर माझ्यासारखीच, डावीकडे मिलिमीटरभर जास्त कापलेली. नंबर पुसट झाला होता, एक आकडा लागला, पुढचा लागेना. मी ती पट्टी खिडकीकडे धरून खाचेवर बोटानं चाचपून बघितली. कापायच्या आधी त्या पोरानं बाहेरच्या चारही कडा घासल्या होत्या, आणि त्या अगदी सपाट होत्या.

काटेवाला आला तेव्हा मी तेवढी एक पट्टी बाजूला ठेवली आणि स्लिपवर वजन लिहून सही केली.